मदत हवी आहे: जुनी फेल्ट हॅट, बुरशी, कसर आणि तडकलेली घामपट्टी

करड्या रंगाची जुनी फेडोरा हाताशी आली आहे. फेल्ट पातळ, घट्ट आणि मऊ आहे, त्यामुळे लोकरीचं नसून सशाच्या वगैरे केसांचं असावं असा अंदाज. घामपट्टीवरचा सोनेरी शिक्का पुसट झालाय, त्यात 'डॅनबरी' एवढंच वाचता येतं. पट्टीमागच्या कागदी चिठ्ठीवर ७ १/८ हा आकडा आहे आणि 'युनायटेड हॅटर्स, कॅप अँड मिलिनरी वर्कर्स' असं युनियनचं लेबल आहे.

अडचणी अशा: कोकणातल्या पावसाळ्यात पेटीत राहिल्यामुळे माथ्यावर पांढरट ठिपके आलेत, वासही येतो. कसरीने कडेवर तीन ठिकाणी कुरतडलंय, त्यातलं एक भोक आरपार आहे. चामड्याची घामपट्टी कपाळाच्या बाजूला तडकलीय आणि शिलाईवर साधारण चार सेंटिमीटर सुटलीय. माझं डोकं ५८ सेंटिमीटर, हॅट घट्ट होते. किटलीच्या वाफेवर धरून आकार द्यावा आणि त्याच वेळी थोडी ताणून घ्यावी असं मनात आहे. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १

वाफ आत्ता अजिबात नको, ती सगळ्यात शेवटी. ओलाव्याने बुरशीला आणखी बळ मिळेल, आणि जुनं चामडं गरम वाफेने आकसून कडक होतं. पट्टी आधीच सुटलेली आहे, ती आकसली की शिलाईच्या भोकांच्या रांगेवरून सरळ फाटत जाईल.

आधी हॅट वाळवा. सावलीत, पंख्याखाली, माथा खाली आणि कड वर ठेवून दोन-तीन दिवस. उन्हात ठेवू नका, करडा रंग विटतो. पूर्ण कोरडी झाल्यावर घराबाहेर, मास्क लावून, घोड्याच्या केसांच्या मऊ ब्रशने झाडा. वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने ब्रश फिरवायचा, कारण लव त्याच दिशेने बसवलेली असते. उलटं घासलं की फेल्ट खरबरीत आणि डागाळ दिसतं.

झाडून जे जाईल ती बुरशी. जे जात नाही आणि बोटाला कडक लागतं, तो बहुधा ओलाव्याने पृष्ठभागावर आलेला चपडा. फेल्टला ताठपणा यावा म्हणून त्यात चपडा लाख मुरवलेली असते. ते डाग खरवडू नका.

बुरशी गेली की कसर. हॅट पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. फ्रिजच्या वरच्या कप्प्यावर विसंबू नका, तो सारखा उघडला जातो आणि तापमान वरखाली होतं. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण २४ तास उघडायची नाही, नाहीतर थंड फेल्टवर हवेतलं पाणी धरतं आणि पुन्हा पहिल्यापासून.

प्रतिसाद २

त्या लेबलवरून वय बऱ्यापैकी बांधता येतं. युनायटेड हॅटर्स आणि कॅप-मिलिनरी कामगारांची संघटना १९३४ मध्ये एकत्र आल्या, म्हणजे हॅट त्याआधीची नाही. डॅनबरी हे अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातलं हॅटवाल्यांचं गाव. या लेबलसाठी तिथे फार मोठी किंमत मोजली गेलीय. १९०२ च्या संपानंतर युनियनने एका कारखान्याच्या मालावर बहिष्कार घातला, १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल मालकाच्या बाजूने दिला आणि नुकसानभरपाईसाठी साध्या कामगारांच्या ठेवी आणि घरं जप्तीत अडकली. म्हणून ते लेबल जपून ठेवा, पट्टी बदलली तरी काढू नका.

आता महत्त्वाचं. फेल्ट बनवताना सशाचे वगैरे केस एकमेकांत नीट गुंतावेत म्हणून ते कातडीवर असतानाच त्यांना पारा आणि नायट्रिक आम्लाचं द्रावण लावत. त्या पाऱ्याच्या वाफेने कारागिरांचे हात कापायला लागत, 'डॅनबरी शेक्स' हे नाव त्यावरूनच पडलं. अमेरिकेत हा वापर डिसेंबर १९४१ मध्ये बंद झाला. तुमची हॅट त्याच्या अलीकडची की पलीकडची हे लेबलवरून ठरत नाही, तेव्हा पारा आहे असंच धरून चाला: नायट्राइलचे हातमोजे, उघडी खिडकी, सँडपेपर नाही. भोक बुजवायला फेल्ट घासून पूड काढतात, ती या हॅटवर काढू नका. त्याच रंगाच्या नव्या फेल्टची पूड घ्या, पांढऱ्या पीव्हीए गोंदात कालवून आतल्या बाजूने भरा, वाळल्यावर ब्रश करा. वरवरच्या कुरतडीला हात न लावणंच बरं.

प्रश्नकर्ता

आभार. पांढऱ्या ठिपक्यांवर सॅनिटायझर किंवा स्पिरिट फिरवलं तर बुरशी मरेल ना? आणि पट्टीला तेल लावलं तर तडे भरतील का?

प्रतिसाद १

स्पिरिट नको. चपडा स्पिरिटमध्येच विरघळतो. पुसाल तिथला ताठपणा जाईल आणि कडेला पांढरं वर्तुळ उमटेल, ते मूळ डागापेक्षा वाईट दिसतं. बुरशीला कोरडेपणा पुरेसा आहे.

प्रतिसाद ३

तेलाने तडे भरत नाहीत. खोबरेल तर मुळीच लावू नका, ते फेल्टमध्ये उतरून रिबनपर्यंत डाग देतं. बोट फिरवल्यावर लालसर भुकटी लागते का पाहा. लागत असेल तर चामडं संपलंय, पट्टी बदलायचीच. लागत नसेल तर लेदर कंडिशनरचा अगदी पातळ हात द्या, एक दिवस थांबा, आणि मगच पट्टी हळूहळू बाहेर उलटा. कोरडी उलटली तर घडीवरच मोडेल.

मापाचं गणित असं: ७ १/८ हा डोक्याचा व्यास इंचात, म्हणजे घेर ५७ सेंटिमीटर. ब्रिटिश हॅट असती तर हेच माप ७ लिहिलं असतं. तुम्हाला ५८ हवाय, म्हणजे ७ १/४. जुनी पट्टी आत असताना ताणू नका. तिचा घेर वाढत नाही, सगळा जोर शिलाईवर येतो. पट्टी बदलणारच असाल तर क्रम हा ठेवा.

रिबनच्या गाठीचे चारी बाजूंनी फोटो काढा. रिबन मोजक्या टाक्यांवर असते, ते कापून ती अलगद सोडवा. घामपट्टीचे टाके आतून एकेक कापा. आता ५८ च्या लाकडी ठोकळ्यावर किंवा स्ट्रेचरवर फेल्ट चढवा. वाफ हलकी, किटलीच्या तोंडापासून वीतभर लांब, फक्त बुडाच्या घेराला. स्ट्रेचर हाताला घट्ट लागेपर्यंतच फिरवा आणि रात्रभर सोडा. एका दमात सेंटिमीटरभर ताणलं तर कड लाटेसारखी वर-खाली होते.

नवी पट्टी ५८ चीच घ्या, जिच्या शिलाईच्या काठाला प्लास्टिकची बारीक काडी असते तशी. हॅटवर आणि पट्टीवर पुढे, मागे, दोन्ही बाजूंना अशा चार खुणा करून टाचण्या लावा. पट्टीचा जोड बरोबर मागे. मेणाचा दोरा, सुरुवातही मागूनच, शक्यतो जुन्याच भोकांतून. बाहेरचा टाका बारीक ठेवा, म्हणजे रिबनखाली झाकला जाईल.

नंतर हॅट उचलताना माथ्याच्या पुढच्या दाबलेल्या भागाला (चिमटीला) धरू नका, फेल्ट तिथेच आधी फाटतं. कडेवर टेकवूनही ठेवू नका, पुढची उतरती कड सपाट होते. पेटीत सिलिका जेल ठेवा आणि ते दमट झालं की बदला. डांबरगोळ्या मात्र नकोत, नॅप्थलिनने काही प्लास्टिक मऊ पडतं आणि नव्या पट्टीतली काडी चिकट होऊ शकते.