प्रति: ९८.२ टक्के साम्य, म्हणजे नवी प्रजाती?

ताई, गुजरातच्या किनाऱ्यावरच्या कावी-कंबोईच्या तिवरांखालच्या चिखलातला तुमच्या भाचीचा जिवाणू १६एस जनुकात (जिवाणूंची ओळख पटवायला वापरतात ते) ज्ञात प्रजातीशी ९८.२ टक्केच जुळतो, म्हणून तो नवा, असं वरच्या चर्चेत ठरून गेलंय. थोडं थांबा. साधारण ९८.७ टक्क्यांच्या खाली साम्य असेल तर शंका घ्यायला जागा आहे, हे खरं. पण जनुकाचं वाचन किती लांबीचं आहे? हे जनुक सुमारे १५०० बेसचं (बेस म्हणजे डीएनएतलं एकेक अक्षर). अर्धवट ७०० बेसवर काढलेला आकडा मी तरी धरणार नाही. शिवाय तुलना टाइप स्ट्रेनशीच हवी, म्हणजे प्रजातीचं नाव ज्याच्यावर ठरलं त्या मूळ नमुन्याशी. ब्लास्ट या जनुकं जुळवून शोधणाऱ्या साधनात सगळ्यात वर येणारी नोंद बऱ्याचदा कुणाचातरी नाव नसलेला नमुना असते.

खरा निवाडा पूर्ण जीनोमवर. एएनआय (दोन जीनोममधलं सरासरी साम्य) ९५-९६ टक्क्यांखाली आणि डिजिटल डीएनए संकरण (दोन डीएनए किती जुळतील याचा संगणकी अंदाज) ७० टक्क्यांखाली आलं, तर बात पक्की. मग पेशीतली मेदाम्लं, क्विनोन (श्वसनात लागणारी रसायनं), किती मिठात वाढतो वगैरे कंटाळवाण्या पण न टळणाऱ्या चाचण्या.

लोक अडकतात ते शेवटी. नाव अधिकृत व्हायला टाइप स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतल्या जिवाणू-संग्रहांत जमा असावा लागतो. पुणे आणि चंदीगड दोन्हीकडे दिला तरी देश एकच! परदेशी पाठवायच्या आधी २००२ च्या जैवविविधता कायद्याचे नियम गाईडला विचारून घ्या.

आणि हो, भाचीच्या बडोद्यातल्या प्लेटवर उगवले ते हवा चालणारेच जिवाणू. त्या काळ्या, कुजकट वासाच्या थरातले सल्फेटवाले, म्हणजे ऑक्सिजनऐवजी सल्फेटवर श्वसन करणारे जिवाणू, हवा लागली की वाढतच नाहीत, त्यांना ऑक्सिजनविरहित माध्यम लागतं.