मोठेपणी डिस्प्रॅक्सियाचं निदान: आधी कोणाकडे जायचं?

रानजाई: वय ३१, पुणे. बुटाची नाडी, साडीच्या निऱ्या, गिअरची गाडी, सगळं लहानपणापासून अवघड. हा डिस्प्रॅक्सिया, म्हणजे हालचालींचा मेळ जमायला जन्मापासूनच अवघड जाणं, असावा असं वाटतं. निदान न्यूरोलॉजिस्ट करतात की मानसोपचारतज्ज्ञ? सर्टिफिकेट मिळतं का?

सावकाश_चला: आधी न्यूरोलॉजिस्ट, पण ते बाकीचे आजार वगळायला. बोटाने नाक शिवणं, टाच नडगीवरून फिरवणं, टाचेला चवडा लावत सरळ रेषेत चालणं असं तपासतील. बी१२, थायरॉइड आणि डोळेही बघून घ्या. त्रास हल्ली वाढला असेल, एकाच बाजूला असेल किंवा बोलणं जड झालं असेल, तर डिस्प्रॅक्सियाचा विचार बाजूला ठेवून आधी त्याचा छडा लावा. ‘एमआरआय नॉर्मल, तुम्हाला काही झालेलं नाही’ हे ऐकून बरेच जण इथेच थांबतात. डिस्प्रॅक्सिया नेहमीच्या एमआरआयवर दिसत नाही. तो रिपोर्ट फाइलला लावा, पुढे उपयोगी पडतो.

ओटी_ठाणे: पुढचा टप्पा ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून तपासणी आणि सराव करून घेणारे. मोठ्यांचं मूल्यमापन करता का, हे फोनवरच विचारा. बहुतेकांकडे मुलंच येतात. हालचाली मोजणाऱ्या चाचण्यांचीही तीच गत. बीओटी-२ या चाचणीचे निकष (वयानुसार तुलनेचे आकडे) २१ वर्षांपर्यंतचे, एमएबीसी-२ चे १६ पर्यंतचे. ३१ व्या वर्षी त्यावरून काढलेला आकडा म्हणजे निव्वळ अंदाज. एडीसी ही प्रश्नावली मोठ्यांसाठीच आहे, लहानपणचं आणि आत्ताचं वेगवेगळं विचारते, पण तेवढ्यावर निदान होत नाही.

डीएसएम-५ या मानसोपचारातल्या निदानाच्या नियमावलीची सगळ्यात अडणारी अट म्हणजे सुरुवात बालपणातली हवी. म्हणून प्रगतिपुस्तकं, जुन्या वह्या आणि शक्यतो आई किंवा वडील सोबत न्या. अडचणींची यादी घरीच लिहा. ‘मी वेंधळी आहे’ याने काही कळत नाही. ‘बटणं बघितल्याशिवाय लागत नाहीत, लाटताना एका हाताचा जोर जास्त पडून पोळी एकीकडे जाड राहते’ असं लिहा.

शेवटची सही मानसोपचारतज्ज्ञ किंवा न्यूरोलॉजिस्टची. रिपोर्टवर डिस्प्रॅक्सियाचं वैद्यकीय नाव, ‘डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर’, असं पूर्ण लिहून घ्या. एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलपणा) अनेकदा जोडीला असतो, तोही त्याच वेळी तपासून टाका.

कलम_२१: सर्टिफिकेटचं त्रांगडं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये डिस्प्रॅक्सियाचं नाव आहे, पण विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या पोटात. त्या गटाची तपासणी वाचन, लेखन, गणित यांभोवती फिरते. त्रास फक्त हालचालींचा असेल तर यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) मिळणं कठीण. ऑफिसात मात्र साधा रिपोर्टही चालू शकतो, एचआरकडे समान संधी धोरण मागा. ‘सवलत द्या’ असं मोघम नको. हाताने लिहायच्या नोंदी टाइप करू द्या, नवीन मशिनवर सरावाला वेळ द्या, असं नेमकं मागा.

रानजाई: आई-वडील हयात नसतील तर?

ओटी_ठाणे: मोठी भावंडं, मावशी, आत्या चालतात. सायकल, नाडी, जेवताना सांडणं हे कितव्या वर्षापर्यंत चाललं, ते त्यांच्याकडून लिहून आणा.