केमो सुरू होतेय. मैत्रिणी म्हणतात "काही लागलं तर सांग". नेमकं काय सांगू?

वाडीकरीण

स्तनाचा कर्करोग, तिसरा टप्पा. ऑपरेशन झालं, डाव्या काखेतल्या गाठीही काढल्या. १५ जूनच्या सोमवारपासून मिरजेत केमो: दर २१ दिवसांनी एक अशा चार, मग दर सोमवारी एक अशा बारा, त्यानंतर रेडिएशन. राहायला सांगलीवाडी. घरी नवरा (दुकान सोडून सारखं निघता येत नाही), यंदा दहावीला असलेली मुलगी आणि ७६ वर्षांच्या सासूबाई.

मैत्रिणींची कमी नाही. शाळेच्या ग्रुपवर ३१, भिशीत ११, ऑफिसातल्या चौघी. सगळ्या म्हणतात "काही लागलं तर हक्कानं सांग". कुणाला काय सांगायचं तेच सुचत नाही आणि फोन घेऊन घेऊन घसा दुखतो. जाणकारांनी सांगावं. "धीर धरा, सगळं ठीक होईल" असं कृपया लिहू नका, ते रोज मिळतंय.

सलाईनस्टँड

ताई, ते वाक्य खोटं नसतं, अर्धवट असतं. वार, वेळ आणि काम तुम्ही घातलंत की पुरं होतं. "मदत कर" म्हटलं की समोरची गोंधळते. "मंगळवारी दुपारी चारला अमुक आणून दे" म्हटलं की तिला सुटल्यासारखं वाटतं.

आधी कॅलेंडर भिंतीवर लावा. चार केमो १५ जून, ६ जुलै, २७ जुलै आणि १७ ऑगस्टला. मग सप्टेंबर ते नोव्हेंबर बारा सोमवार, आणि पुढे रेडिएशन. म्हणजे सहा-सात महिने. होतं काय, की पहिल्या पंधरवड्यात सोफ्यावर बसायला जागा नसते, फ्रिजवर सफरचंदांचा ढीग असतो, आणि ऑक्टोबरात, जेव्हा बोटांची टोकं बधिर होऊन ब्लाउजचं हुक लावता येत नाही, तेव्हा दारात कुणी नसतं. म्हणून ३१ जणींना आत्ताच खर्ची घालू नका. निम्म्या जणींना आजच सांगा, "तुझं काम गणपतीनंतर". राग येत नाही कुणाला. उलट आपण धरलेल्या आहोत हे कळतं.

केमोच्या दिवशी सोबत एकच. आदल्या दिवशी किंवा दोन दिवस आधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, होते, पेशी कमी निघाल्या तर केमो पुढे जाते. हे तिला आधी सांगा, नाहीतर ती रजा टाकून बसते, केमो होत नाही, आणि दुसऱ्यांदा रजा मागताना तिची पंचाईत होते. "सोमवार, पण रिपोर्ट आल्यावर पक्कं" असंच बोला. थांबणं धरून चार-पाच तास जातात. पहिल्या चार केमोत बहुधा एक लाल औषध असतं. ते शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते. सोबतिणीचं खरं काम गप्पा नाही, सुईच्या जागेवर नजर ठेवणं. जळजळ, सूज, लाली, काहीही दिसलं की लगेच सिस्टरला हाक. सुई उजव्याच हाताला, बीपीही उजव्याच. डाव्या काखेतल्या गाठी काढल्यात हे तुम्ही पेंगत असाल तर तिनं सांगायचं. पुढे दिवसभर लघवी लाल होते, ते रक्त नव्हे. तेही तिला माहीत असलेलं बरं, नाहीतर रात्री दोघी घाबरणार.

दुसऱ्या दिवशी, २४ तास उलटल्यावर, पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन लिहिलं असेल तर ते आणणं हे एका मैत्रिणीचं स्वतंत्र काम. ते २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. मेडिकलवाल्याकडून थंड पिशवीत घ्यायचं, बर्फाला थेट टेकू द्यायचं नाही. गोठलं की वाया. फ्रीझरमध्ये तर मुळीच नाही, आणि किंमत बघता ही चूक महागात पडते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे केमोनंतरचा सातवा ते चौदावा दिवस. याच काळात पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात. ताप १००.४ फॅरनहाइट झाला तर सकाळची वाट पाहायची नाही आणि क्रोसिन घेऊन झोपायचं नाही. ताप दबतो, जंतुसंसर्ग दबत नाही. गाडीवाल्या दोघी आत्ताच ठरवा, एक पहिली, एक राखीव. "रात्री दोनला फोन केला तर उचलशील का?" असं स्पष्ट विचारा. त्या आठवड्यात दोघींचे फोन सायलेंटवर नकोत. कॅज्युअल्टीत पाऊल टाकल्याबरोबर पहिलं वाक्य: "केमो चालू आहे, आज नववा दिवस, ताप १०१." नाव-पत्ता नंतर. हे वाक्य फाईलच्या आतल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, दिवसाचा आकडा बदलत राहा.

चूल_आणि_मूल

डब्याबद्दल लिहिते. गोंधळ सगळा तिथंच होतो. एका दिवशी सहा डबे, पुढचे चार दिवस शून्य, आणि सहातले चार सासूबाईंना संपवावे लागतात!

केमोनंतरचे तीन-चार दिवस तुमच्या घरात फोडणी बसली तरी मळमळेल. म्हणून डबा तुमच्यापुरता मागू नका, घरच्यांसाठी मागा. चौघांचा स्वयंपाक बाहेरून आला की घरात वास फिरत नाही. तुमच्यासाठी वेगळं, कोमट आणि बिनवासाचं: मऊ भात, मुगाचं वरण, नाचणीची लापशी, सांजा, उकडलेला बटाटा. आपल्याकडचं कांदा-लसणीचं तिखट काही दिवस बंदच ठेवावं लागतं, तोंड आलं तर पाण्याचा घोटही झोंबतो.

आणणारीला चार गोष्टी लिहून द्या. आजच शिजवलेलं. कोशिंबीर, कच्ची चटणी, मोडाची कच्ची उसळ नाही. फळ सोलून खायचं असेल तेच, केळं किंवा मोसंबं. आणि डबा परत मागायचा नाही. शेवटचं विनोदी वाटेल, पण कुणाचं झाकण कुणाला, यातच घरातल्या माणसाचा अर्धा दिवस जातो. स्टीलचा नको, रिकाम्या श्रीखंडाच्या डब्यात आणा म्हणावं.

भेटायला येणाऱ्यांसाठी दारावर कागद: "सर्दी-खोकला असेल तर फोनवर बोलू. २० मिनिटं. हात धुऊन." ज्यांच्या घरी मुलाला कांजिण्या-गोवर आलाय त्यांनी तर यायचंच नाही. गौरी-गणपतीला हळदीकुंकवासाठी बायका दाटीनं येतात, तेव्हा बसायचं अंगणात, घरात नाही.

आणि काढे! लक्ष्मणफळाची पानं, गव्हांकुराचा रस, कुणाच्या तरी मामांना गुण आलेली पुडी. पेशी उतरलेल्या असताना कच्चा रस म्हणजे जंतूंना आवतण, आणि पुडीत काय आहे ते पुडीवाल्यालाही ठाऊक नसतं. लिव्हरवर ताण आला की केमो अडते. वाद घालायची ताकद तुमच्यात नसणार. एकच उत्तर पाठ करा: "डॉक्टरांना दाखवून घेईन, ठेव इथं." मग घ्यायचं नाही, एवढंच.

सलाईनस्टँड

वरच्या कागदाला माझी पुस्ती. फूलझाडांच्या कुंड्या आणि गुच्छही नकोत, त्या पाण्यात-मातीत बुरशी असते.

कृष्णाकाठ_४१६

फोनचं सांगतो. तुम्ही एकीलाही उत्तर द्यायचं नाही. एक मैत्रीण नेमा, जी बोलकी नाही पण हिशेबाची पक्की आहे. (बोलकी नेमली की तुमची बातमी तासाभरात गावभागात पोचते.) तिनं नवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढायचा आणि सेटिंगमध्ये "फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात" हे चालू करायचं. नाहीतर पहिल्या संध्याकाळी ४० हात जोडलेले, १२ गणपती आणि एक फॉरवर्ड. केमोनंतर आठवड्याला एक मेसेज, चार ओळी, बास. नमुना देतो:

"दुसरी केमो ६ तारखेला झाली. उलटी दोनदा, आता जेवतेय. १२ ते १९ भेटायला येऊ नये. कामं दोन: शुक्रवारी सहाला मुलीला क्लासवरून आणणे, शनिवारी गॅस सिलिंडर येणार, उचलून आत ठेवायला कुणीतरी. ज्यांना जमेल त्यांनी मला फोन करावा, तिला नाही."

बघा, यात आजाराच्या टप्प्याचा उल्लेख नाही. कुणाला किती माहीत आहे हे आधी ठरवा आणि नेमलेल्या मैत्रिणीला सांगा. सासूबाईंना "गाठ काढली, औषध चालू" एवढंच ठाऊक असेल तर भेटायला आलेली बाई त्यांच्यासमोर "तिसरा टप्पा म्हणे" बोलून जाते. हे हमखास घडतं.

सिलिंडरचं उगीच लिहिलं नाही. भरलेला ३० किलोच्या आसपास जातो, आणि डाव्या हाताने ओझं उचलायचं नाही हे तुम्हाला कुणीतरी सांगितलंच असेल. पाण्याची कळशीही तशीच.

आता सांगलीवाडी, म्हणजे कृष्णेचा पूर. तुमच्या तारखा नीट पाहा. तिसरी केमो २७ जुलैला, म्हणजे पेशी खाली जाण्याचा आठवडा २ ते ९ ऑगस्ट. २०१९ चा महापूर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातलाच, २०२१ चा जुलैच्या शेवटी. तेव्हा आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांकडे जायला लागली की पाहू-पाहू करत थांबायचं नाही. विश्रामबाग किंवा मिरजेच्या बाजूची एक मैत्रीण आत्ताच ठरवा: एक खोली, शक्यतो वेगळं संडास, दहा दिवस. पिशवी भरलेली असावी: फाईल, थर्मामीटर, महिन्याच्या गोळ्या, आधार, रेशनकार्ड. इंजेक्शनाचा फ्रिजही त्याच घरी असावा, पुरात वाडीची वीज आधी जाते. शाळेच्या ग्रुपवरच्या ३१ जणींत ही एक सापडली तरी ग्रुपचं सार्थक झालं.

वाडीकरीण

पुराचा विचारच केला नव्हता. धन्यवाद. दोन गोष्टी राहिल्या. पैसे: भिशीवाल्या वर्गणी काढतो म्हणतात, मला अवघड वाटतंय. आणि सगळ्यात जवळची एक, निदान कळल्यापासून आलीच नाही. फोनही नाही.

मिरजमेल

पैसे. आधी दवाखान्यात सरकारी योजनेची माहिती द्यायला बसणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलाशी जा, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमची केमो आणि रेडिएशन बसतं का ते १५ जूनच्या आधी विचारा. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट न्यायचा. योजना कॅशलेस आहे, मंजुरी आधी लागते. भरून झालेल्या बिलाचे पैसे परत मिळतील या आशेवर राहू नका. हे रांगेचं काम ऑफिसातल्या चौघींपैकी कागदपत्रात हुशार असेल तिला द्या. झेरॉक्स पाच-पाच, मूळ कागद तिच्या हातात नाही, तुमच्याच फाईलमध्ये.

वर्गणी नको वाटत असेल तर भिशीला एवढंच सांगा: "माझा नंबर आधी लावा." चिठ्ठी बाजूला ठेवून या महिन्याची भिशी तुम्हाला उचलू दिली की कुणाच्या खिशातून एक रुपया जास्त जात नाही, हप्ते तुम्ही भरताच आहात. तरीही कुणी पैसे दिलेच तर वहीत तारीख, रक्कम आणि एक शब्द: "भेट" की "उसने". देणारीसमोर लिहा. हा शब्द न लिहिल्यानं दोन वर्षांनी बोलणी बंद झालेली घरं कमी नाहीत.

न आलेल्या मैत्रिणीबद्दल. बहुतेकदा ते प्रेम आटणं नसतं, काय बोलावं हे न सुचणं असतं, आणि जितके दिवस जातात तितकी लाज वाढते. एकदाच लिहा: "आजाराबद्दल बोलायचं नाहीये. बुधवारी चारला ये, चहा पिऊ, पाचला जा." वेळेची दोन्ही टोकं द्या, जाण्याचीही. नाही आली तर पंधरा दिवसांनी लांबून करता येण्याजोगं काम द्या: लाईटबिल, मुलीची गाईडं आणणं. काही माणसांना सलाईन बघवत नाही पण ती वर्षभर बिलं भरतील. त्यालाही उत्तर नसेल तर सोडून द्या, या सहा महिन्यांत तिचा हिशेब मांडायला तुमच्याकडे ताकद नाही.

आणखी एक जागा भरायची राहिली. कामाच्या मैत्रिणी आणि ऐकणारी मैत्रीण, या दोन वेगळ्या. जिच्यासमोर "मला मरायची भीती वाटते" म्हणता येईल आणि जी लगेच "असं बोलू नये" म्हणणार नाही, अशी एक शोधा. तिला डबा, गाडी, काहीच सांगू नका. तिला पहिल्याच दिवशी सांगा: "उपाय सांगू नकोस, विषय बदलू नकोस, नुसती बस." ३१ जणींत अशी नसेल तर ती बहुतेक ऑफिसात निघेल. फार जवळच्या माणसाला ते ऐकवत नाही.

सलाईनस्टँड

बारा सोमवारांचंही आत्ताच ठरवा. त्या केमोआधी देतात त्या ॲलर्जीच्या औषधानं झोप येते, स्कूटीवर मागे बसूनही जायचं नाही. चारजणी घ्या, प्रत्येकीला तीन सोमवार. दिवाळीच्या आठवड्यातला सोमवार फराळात अडकलेलीला देऊ नका. रेडिएशन सोमवार ते शुक्रवार रोज असतं, मशीनवर काही मिनिटंच, पण जाणं-येणं धरून दोन तास जातात. पाचजणींना एकेक वार द्या, "मंगळवारवाली" असं नावच पडू दे. बदली हवी असेल तर त्यांनी आपापसात करायची, तुम्हाला विचारायचं नाही.