बारावी, सीईटी, नीट आणि कॉपी : तुम्ही काय पाहिलंत?

परीक्षा सुरू झाल्या की भरारी पथकांच्या बातम्या येतात. पकडलेली मुलं तिथवर का पोचली, हे फारसं कुणी विचारत नाही. विद्यार्थी, पालक, शिक्षक, सगळ्यांनी लिहा. कॉलेजचं किंवा माणसाचं नाव मात्र नको.

मी सुरुवात करते. माझा भाचा 'इंटिग्रेटेड'ला होता : नाव कॉलेजच्या पटावर, मुलगा दिवसभर क्लासमध्ये. इंजिनिअरिंगचा प्रवेश सीईटीच्या पर्सेंटाइलवर होतो, पात्रतेसाठी बारावीला खुल्या प्रवर्गाला पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ४५ टक्के पुरतात. म्हणजे बोर्ड हे उरकायचं काम. प्रयोगशाळा त्याने पाहिली ती थेट प्रॅक्टिकलच्या परीक्षेला, तेव्हा टायट्रेशनचं रीडिंग फळ्यावर तयार होतं. "मावशी, सरांनीच लिहून दिलं, मग ती कॉपी कशी?" असं त्याने मला अगदी सरळपणे विचारलं. या वयात त्याला हे शिकवलं कुणी, याचा मला अजून राग येतो.

एक शिक्षक :
सुपरव्हिजनला गेलो की खिडकीबाहेरून चिठ्ठ्या टाकणारी माणसं दिसायची. कुणाचा काका, कुणाचा मोठा भाऊ. वर्गात मायक्रो झेरॉक्सचे कपटे. पण मला जास्त त्रास स्टाफरूममधल्या बोलण्याचा झाला. निकाल खाली आला की पुढच्या वर्षी मुलं येत नाहीत, पट घटला की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो. त्यामुळे "जरा सैल सोडा" हे सांगणाऱ्यालाही स्वतःच्या नोकरीची धास्ती असते. मी सैल सोडलं नाही, तर पुढच्या पेपरला माझा वर्ग बदलला. शिक्षा मात्र फक्त मुलाला होते. कपटा सापडला की त्याचं वर्ष जातं, बाहेरचा काका घरी जातो.

बारावी झालेली एक मुलगी :
कॉपी 'ढ' मुलं करतात, हे खरं नाही. माझी मैत्रीण वर्गात पहिली. सगळं पाठ असूनही ती चिठ्ठी घेऊन यायची, कारण ऐन वेळी डोकं रिकामं होईल अशी भीती. चिठ्ठी नुसती जवळ असली तरी तिला लिहिता यायचं.

नीटचा रिपीटर :
मी २०२४ ची नीट दिली. निकालात ७२० पैकी ७२० मिळवणारे ६७ जण. मग १,५६३ जणांचे ग्रेस गुण रद्द झाले, त्यांच्यासाठी फेरपरीक्षा झाली. पेपर फुटल्याचं सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केलं, पण सगळ्यांची परीक्षा पुन्हा घ्यायला नकार दिला. तोवर जुलै संपत आला होता. ते आठवडे मी पुस्तक उघडू शकलो नाही. प्रामाणिकपणे एक वर्ष घालवलेल्या मुलांचं काय झालं, हेही कुणीतरी लिहायला हवं.

एका विद्यार्थिनीचा दादा :
आमच्याकडे 'सीटचं बघतो' म्हणणारा माणूस आला होता. परीक्षांमधले गैरप्रकार रोखणाऱ्या केंद्राच्या २०२४ च्या कायद्यात संघटित टोळीला किमान १ कोटी दंड आहे, तरी तो बिनधास्त बोलत होता. बाबा गप्प ऐकत होते. शेवटी माझी बहीणच म्हणाली, "काका, तिथे बसून मला पुढचं झेपणारच नाहीये. तुम्ही निघा." तो गेल्यावरही बाबा तिच्याशी बराच वेळ बोलले नाहीत. ती आता बी.एस्सी.ला आहे.