शेतीरक्षणाची बंदूक विमानाने परदेशी नेता येईल काय?

प्रश्न: मारेगाव तालुक्यातील शेतकरी

नमस्कार मंडळी. आमचे वावर यवतमाळ जिल्ह्यात, मारेगाव तालुक्यात, जंगलाच्या काठाला आहे. कपाशी, तूर आणि ओलिताखाली थोडा हरभरा अशी पिके घेतो. रानडुकरे आणि रोही (नीलगायी) यांच्यापासून पीक वाचवण्यासाठी वडिलांनी बारा बोअरची एकनाळी बंदूक घेतली होती. त्यांच्या पश्चात तिचा परवाना रीतसर माझ्या नावावर झाला असून त्याची मुदतही चालू आहे.

माझा पुतण्या अमेरिकेत टेक्सास राज्यात नोकरीला आहे. त्याच्या ओळखीच्या एका शेतमालकाच्या रानात डुकरांनी धुमाकूळ घातला असून तिथे त्यांची शिकार कायद्याने करता येते, असे तो सांगतो. तूर घरात आली की जानेवारीच्या अखेरीस मी त्याच्याकडे जाणार आहे. त्याचे म्हणणे असे, की तिकडचे लोक शिकारीला जाताना बंदूक विमानानेच नेतात आणि काउंटरवर सांगितले की काम होते. हाताला सवय असलेली बंदूक सोबत असावी असे मलाही मनापासून वाटते. परंतु नागपूरहून मुंबई आणि तिथून पुढे अमेरिका या प्रवासात ती कशी न्यावी, काडतुसे किती चालतात आणि परवानगी कोणाकडे मागावी, हे मला ठाऊक नाही. बंदूक नेणे शक्य नसेल तर ती मागे कुठे ठेवावी? धाकटा भाऊ रात्री हरभऱ्याची जागल करणार आहे. तेवढ्या काळात त्याने ती वापरली तर चालेल काय? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर: नागपूरचा रायफल नेमबाज

दादा, स्पर्धांच्या निमित्ताने मी नागपूरच्या विमानतळावरून शस्त्र घेऊन प्रवास करतो, म्हणून देशांतर्गत भागाबद्दल खात्रीने सांगू शकतो. प्रवासी केबिनमध्ये बंदूक, तिचा सुटा भाग किंवा एखादे काडतूसदेखील नेता येत नाही. सगळे काही नोंदणी केलेल्या सामानातूनच जाते आणि तेसुद्धा विमानकंपनीला आधी कळवून. तिकीट काढल्याबरोबर कंपनीला फोन करून त्यांच्या अटी विचाराव्यात, कारण काही कंपन्या वेगळे हाताळणी शुल्क आकारतात आणि काही विशिष्ट मार्गांवर शस्त्र घेतच नाहीत. सर्वसाधारण प्रवाशासाठी आपल्याकडे एक शस्त्र आणि ५० काडतुसे अशी मर्यादा धरली जाते. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीच्या नियमांत काडतुसांचे पॅकिंगसह एकूण वजन प्रत्येक प्रवाशामागे ५ किलोपर्यंतच असावे लागते आणि दोन प्रवाशांची मर्यादा एकत्र करून एका पेटीत भरता येत नाही.

विमानतळावर नेहमीपेक्षा बराच वेळ हाताशी ठेवून पोहोचावे आणि काउंटरवर पहिल्याच वाक्यात शस्त्र असल्याचे सांगावे. मूळ परवाना, त्याच्या प्रती आणि ओळखपत्र लगेच काढता येईल असे ठेवावे. बंदूक रिकामी असल्याचे सुरक्षा कर्मचाऱ्यांसमोर दाखवावे लागते आणि तसे लेखी निवेदनही द्यावे लागते. बंदूक कडक कवचाच्या, कुलूप लागणाऱ्या पेटीत असावी; काडतुसे तिच्यात न ठेवता स्वतंत्र पेटीत, कारखान्याच्या मूळ खोक्यात, एकमेकांवर आपटणार नाहीत अशी बसवावीत. उतरल्यावर ती पेटी पट्ट्यावर येईल म्हणून वाट पाहत उभे राहू नये. अनेकदा कंपनीचा कर्मचारी परवाना तपासून ती हातात देतो.

हा धागा वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे नळीत दारू ठासून भरायची ठासणीची बंदूक असेल, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. बंदुकीची सुटी काळी दारू आणि ती पेटवणाऱ्या टोप्या विमानातून कोणत्याही सामानात नेता येत नाहीत. काडतुसांना असलेली सवलत त्यांना लागू होत नाही.

उत्तर: निवृत्त पोलीस अंमलदार, दारव्हा

वरील भावांनी सांगितलेली पद्धत योग्य आहे. तथापि मारेगावच्या शेतकरी बंधूंचा प्रश्न पॅकिंगपर्यंत पोहोचण्याआधीच अडतो, असे माझे स्पष्ट मत आहे. नेमबाजाला परवाना खेळासाठी मिळतो, तुम्हाला तो पीकरक्षणासाठी मिळाला आहे. आपल्या परवान्यातील क्षेत्राचा रकाना शांतपणे वाचा. शेतीरक्षणाच्या परवान्यावर सहसा ठरावीक गावे, तालुका किंवा जिल्हा लिहिलेला असतो आणि त्या हद्दीबाहेर बंदूक नेणे हा परवान्याच्या अटींचा भंग ठरतो. मारेगावहून नागपूरला जाताना वर्धा जिल्हा ओलांडावा लागतो, तेव्हा विमानतळ येण्यापूर्वीच हा भंग झालेला असेल. क्षेत्र वाढवून मागण्याचा अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करता येतो, पण त्यासाठी सबळ कारण दाखवावे लागते. पीक राखण्यासाठी दिलेली बंदूक परदेशातल्या शिकारीला न्यायची आहे, हे कारण पुढे करून अर्ज मंजूर होईल असे मला वाटत नाही.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १० कडे काहीजण बोट दाखवतात. कायदेशीर ताब्यातील शस्त्र स्वतःच्या खासगी वापरासाठी वाजवी प्रमाणात देशाबाहेर नेण्याची आणि देशात आणण्याची सवलत त्यात आहे, हे खरे आहे. मात्र सवलतीचा पाया कायदेशीर ताबा हाच आहे आणि तुमचा ताबा हद्दीच्या आतच कायदेशीर आहे. शिवाय प्रमाण वाजवी आहे की नाही हे सीमाशुल्क अधिकारी ठरवतात. परतीच्या वेळी मध्यरात्री मुंबईच्या विमानतळावर हा वाद घालण्याची पाळी कोणावर येऊ नये. वाटेत आखाती किंवा युरोपीय देशात विमान बदलत असेल, तर केवळ सामान पुढे जाण्यासाठीसुद्धा त्या देशाची परवानगी लागू शकते.

आता धाकट्या भावाबद्दल. परवाना व्यक्तीच्या नावावर असतो, घराच्या नावावर नसतो, हे गावोगावी सांगूनही पुरेसे रुजलेले नाही. परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्राने दुसऱ्या माणसाला बंदूक दुरुस्तीला किंवा परवाना नूतनीकरणाला नेता येते, पण जागलीवर वापरता येत नाही. आपण परदेशी असताना त्याच्या हातून बार झाला, तर तो विनापरवाना शस्त्र बाळगल्याच्या गुन्ह्यात अडकेल आणि आपला परवानाही धोक्यात येईल. घर बंद ठेवून किंवा कपाटाची किल्ली भावाकडे देऊन जाऊ नका. जाण्यापूर्वी बंदूक आणि सर्व काडतुसे जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा आणि पावतीवर बंदुकीचा क्रमांक व काडतुसांची संख्या लिहून घ्या. निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करण्याची सवय आपल्या भागात सर्वांना आहेच. कामकाज साधारण तसेच असते, फरक इतकाच की इथे अर्ज आपण स्वतः द्यायचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. आपल्या गैरहजेरीत ती संपत नाही ना, एवढे पाहून घ्या.

उत्तर: टेक्सासात राहणारा एक यवतमाळकर

काका, आपल्या पुतण्याने सांगितलेले खोटे नाही, पण ते इथल्या रहिवाशांच्या देशांतर्गत प्रवासाचे वर्णन आहे. इथे विमानतळांची सुरक्षा पाहणाऱ्या टीएसएचा नियम सोपा आहे. बंदूक रिकामी असावी, कडक कवचाच्या कुलूपबंद पेटीत असावी, काउंटरवर तिची घोषणा करावी आणि ती नोंदणीच्या सामानात द्यावी. काडतुसे त्यांच्यासाठी बनवलेल्या खोक्यात हवीत. पेटीची किल्ली प्रवाशाकडेच राहते. शिकारीच्या हंगामात विमानतळावर अशा लांब पेट्या घेऊन उभे असलेले लोक नेहमी दिसतात आणि कोणी वळूनही पाहत नाही.

आपण मात्र पर्यटक व्हिसावर येणार, आणि तिथून सगळे बदलते. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार अशा व्हिसावरील परदेशी माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगण्यास मनाई आहे. त्याला जे अपवाद आहेत, त्यांपैकी एक म्हणजे अमेरिकेतील एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. स्वतःची बंदूक आणायची असेल तर तो परवाना आधी मिळवून, त्याची प्रत जोडून, शस्त्रांचा कारभार पाहणाऱ्या एटीएफकडे ‘फॉर्म ६ एनआयए’ हा तात्पुरत्या आयातीचा अर्ज प्रवासाच्या कित्येक आठवडे आधी करावा लागतो. मंजूर कागद हातात नसेल तर सीमाशुल्क अधिकारी बंदूक आत सोडत नाहीत.

येथे एक बारकावा पुतण्याच्या नजरेतून सहज सुटू शकतो. टेक्सासात २०१९ पासून खासगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने रानडुकरे मारण्यासाठी राज्याचा शिकार परवाना लागत नाही. त्यामुळे इथले लोक अगदी प्रामाणिकपणे सांगतील, की डुकरांसाठी कागद कशाला? ते त्यांच्यापुरते बरोबर आहे. आपल्याला तो परवाना डुकरासाठी लागत नसला तरी बंदुकीला हात लावण्यासाठी लागतो, आणि बंदूक उसनी घेतली तरीही लागतो. राज्याबाहेरच्या लोकांसाठी थोड्या दिवसांचा परवानाही मिळतो. आपला जन्म २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतरचा असेल, तर शिकारी-शिक्षणाची अट लागू होते. तिला एकदा मुदतवाढ घेण्याची सोय आहे, तिची चौकशी पुतण्याने आधीच करून ठेवावी.

माझा सल्ला असा, की आपली बंदूक घरीच राहू द्या. शेतमालकाकडे किंवा शिकारीची व्यवस्था करणाऱ्यांकडे चांगल्या रायफली असतात. आदल्या दिवशी निशाण्यावर थोडे बार काढून हात बसवून घ्यावा. आपल्या एकनाळीचा पल्ला आणि इथली मोकळी माळराने यांचा मेळ तसाही बसणार नाही.

इथे डुकरांवर एवढी मोकळीक का, हेही जाणून घेण्यासारखे आहे. डुक्कर हा अमेरिकेचा मूळ प्राणी नव्हे. स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरे रानात सुटली आणि पुढे शिकारीसाठी सोडलेल्या युरोपीय रानडुकरांशी त्यांचा संकर झाला. टेक्सासात त्यांची संख्या २६ लाखांहून अधिक असल्याचा अंदाज नेहमी सांगितला जातो. मका, ज्वारी, भुईमूग यांची नासधूस पाहिली की आपल्याकडच्या उकरलेल्या वावराची आठवण येते. आपल्याकडे मात्र रानडुक्कर हा जंगलाचा मूळ रहिवासी आहे आणि वाघ, बिबट्या यांचे भक्ष्य आहे, म्हणून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. तिथले नियम इथे आणि इथले तिथे लावता येत नाहीत. परतताना डुकराचे मांस, सुळे किंवा कातडे सोबत आणू नका. प्राणिजन्य वस्तूंच्या आयातीवर आपल्याकडे कडक निर्बंध आहेत.

उत्तर: वणीतील एक वकील

बंदूक न नेण्याचा निर्णय झाला तरी एक काळजी उरते, आणि वकील म्हणून मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. जी पिशवी, जाकीट किंवा बॅग कधीही जागलीवर गेली असेल, ती प्रवासाला घेऊच नका. विसरलेले एक जिवंत काडतूस क्ष-किरण यंत्रात दिसते, प्रवास तिथेच थांबतो आणि शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा नोंदवला जातो. ताबा जाणीवपूर्वक असला पाहिजे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच गुणवंतलाल खटल्यात मांडले आहे आणि त्या आधारे उच्च न्यायालयांनी अशी अनेक प्रकरणे रद्दही केली आहेत. परंतु तो दिलासा मिळेपर्यंत विमान गेलेले असते, पारपत्राच्या अडचणी सुरू होतात आणि न्यायालयाच्या चकरा मागे लागतात.

स्फोटकांचे कण शोधण्यासाठी सामानावरून कापडाची पट्टी फिरवतात, त्या तपासणीचाही विचार करावा. बंदुकीच्या दारूचा अंश आणि नायट्रेटयुक्त रासायनिक खताचे कण या दोन्हींमुळे यंत्र इशारा देऊ शकते. खताच्या पोत्यांशेजारी ठेवलेली बॅग घेण्यापेक्षा नवी घ्यावी, चपला-बूट स्वच्छ धुवावेत आणि विचारल्यास आपण शेतकरी आहोत व खत हाताळतो, हे सरळ सांगावे.

प्रश्नकर्त्याचे निवेदन

सर्वांचे मनःपूर्वक आभार. परवाना काढून पाहिला. क्षेत्राच्या रकान्यात तालुक्याचेच नाव आहे, त्यामुळे बंदूक नेण्याचा विचार सोडला आहे. पुतण्याला टेक्सासच्या शिकार परवान्याची माहिती काढायला सांगितले असून बंदूक ठाण्यात जमा करण्याचा अर्ज लिहीत आहे. एकच शंका उरली आहे. मी नसताना हरभऱ्यात डुकरे शिरली तर भावाने काय करावे?

उत्तर: निवृत्त पोलीस अंमलदार, दारव्हा

भावाने वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात पीक नुकसानीचा अर्ज विनाविलंब द्यावा, पंचनामा करून घ्यावा आणि नुकसानभरपाईची मागणी नोंदवावी. अर्जासोबत सात-बारा आणि नुकसानीची छायाचित्रे जोडावीत. उपद्रवी रानडुक्कर किंवा रोही मारण्याची परवानगी वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली वनखात्याकडून मिळू शकते, पण तशी लेखी परवानगी मिळाली तरी बार परवानाधारकानेच काढायचा असतो आणि मारलेले जनावर शासनाच्या मालकीचे असते, त्याचे मांस घरी नेता येत नाही. बंदूक ठाण्यात असताना त्या परवानगीचा भावाला उपयोग नाही. त्यामुळे जानेवारीपूर्वी हरभऱ्याच्या धुऱ्याभोवती सौर कुंपण बसवता आले तर पाहा. वीजवाहिनीची तार मात्र कुंपणाला कदापि जोडू देऊ नका. अशा तारेने आपल्याच जिल्ह्यात माणसे आणि गुरे दोन्ही गेली आहेत. ठाण्यात अर्ज देताना परवान्याची प्रत आणि विमानाच्या तिकिटाची प्रत दोन्ही जोडा, म्हणजे जमा ठेवण्याचा कालावधी अर्जात स्पष्ट राहील.