मदत हवी आहे: धावतं वर्णन करताना स्कोअर सांगायचाच राहतो

नमस्कार मंडळी,

मला फुटबॉलची कॉमेंट्री करायची आहे आणि जमलं तर त्यावरच पोट भरायचं आहे. माजी खेळाडू करतात ते विश्लेषण नाही, चेंडू कुणाकडे, कुठे चाललाय, हे सांगणारं धावतं वर्णन. मोठ्या पातळीवर कधी खेळलेले नाही. हर्षा भोगले प्रथम श्रेणीचा एकही सामना न खेळता तिथवर पोचले, एवढाच दिलासा. (त्यांची जीभ कुठून आणू, ते सोडा.)

आठ महिने टीव्हीचा आवाज बंद करून रेकॉर्डिंग करतेय. मध्यंतरी एका छोट्या स्पर्धेचे तीन सामने फुकटात केले. त्यातलं एक रेकॉर्डिंग मैत्रिणीला नुसतं ऐकवलं. वीस मिनिटांनी ती म्हणाली, "सगळं छान गं, पण स्कोअर काय झालाय?" तोवर मी तो एकदाच सांगितला होता!

बेसबॉलचे प्रसिद्ध निवेदक रेड बार्बर समोर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवायचे. वाळू सरली की स्कोअर सांगायचा आणि घड्याळ उलटं करायचं. मी फोनवर टायमर लावला. तो वाजला नेमका कॉर्नर किकच्या गर्दीत. स्कोअरही राहिला, हेडरही हुकला.

तुम्ही हे कसं सांभाळता? आणि डेमोत निवडक गोल घालू की सलग तुकडा? नोकरी सोडायचा प्रश्न तूर्त विचारतच नाही, आई वाचत असेल.

प्रतिसाद:
अहो, वाळू वाजत नाही, हीच तर गंमत! खेळ थंडावला की नजर टाकायची. थ्रो-इन, गोल-किक, जखमी खेळाडू, या जागा स्कोअरसाठीच आहेत. डेमो सलग दहा मिनिटांचा द्या, त्यात रटाळ खेळही असू दे. गोलवर कुणीही ओरडतं.

आणि चेंडू मैदानात कुठे आहे तेही सांगताय ना? 1927 साली बीबीसीने रेडिओवर आपलं फुटबॉलचं पहिलं थेट वर्णन केलं, तेव्हा श्रोत्यांसाठी चौकोन आखलेला मैदानाचा नकाशा छापला होता. दुसरा माणूस चौकोनाचा नंबर पुकारायचा.

धागाकर्ती:
नाही सांगत. आत्ताच रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. "डावीकडून" म्हणतेय, पण कुणाच्या डावीकडून?