रायफलच्या पितळी केसला वंगण: कोणते, कुठे आणि किती?

प्रश्न — फोंडेकर_टूलरूम

सर्वांना नमस्कार. मी फोंड्याला राहतो आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत प्रेस टूल व डाय तयार करण्याच्या कामात बरीच वर्षे आहे. माझा पुतण्या न्यूझीलंडमध्ये स्थायिक आहे. तेथील शस्त्रपरवाना त्याच्याकडे आहे आणि लांब पल्ल्याच्या लक्ष्यभेदासाठी तो .३०८ विंचेस्टर या रायफल काडतुसाच्या झाडून झालेल्या रिकाम्या केस (पितळी कवचे) प्रेसमधल्या डायने पुन्हा मापात आणून, भरून वापरतो. चवथीला तो घरी आला तेव्हा त्याने मला काही छायाचित्रे दाखविली. काही केसच्या खांद्यावर (मानेखालच्या उतरत्या भागावर) स्पष्ट पोचे पडलेले होते, काहींच्या अंगावर उभ्या रेघा होत्या, आणि एक केस तर डायमध्ये इतकी घट्ट अडकली होती की प्रेसने तिची बुडाची कड ओढून तोडली. आधी तो स्प्रे वापरत असे, मग कोणाच्या सांगण्यावरून त्याने वंगण लावलेल्या गादीवर केस लोळविण्यास सुरुवात केली.

आम्ही पितळेचा पत्रा खोल ओढतो तेव्हा साबणयुक्त वंगण वापरतो, आणि तेथे जास्तीचे वंगण सांडून जाण्यास वाट असते. या डायमध्ये मात्र केसची संपूर्ण आकृती बंदिस्त होते, त्यामुळे माझा अनुभव येथे कितपत लागू पडतो याची मला शंका आहे. मेण, स्प्रे आणि लॅनोलिन यांपैकी त्याने काय निवडावे, ते केसच्या नेमक्या कोणत्या भागावर लावावे, मानेच्या आतून लावावे की नाही, आणि काम झाल्यावर ते पूर्ण काढणे आवश्यक आहे का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी खोबरेल तेल सुचविले आहे, त्याबद्दलही मत द्यावे.

उत्तर — पेडणे_ते_अ‍ॅडलेड

काका, आपल्या पुतण्याच्या तिन्ही तक्रारी एकाच प्रश्नातून निघाल्या आहेत, आणि तो प्रश्न वंगणाच्या नावापेक्षा त्याच्या जागेचा आणि प्रमाणाचा आहे. मी येथे परवान्यावर रायफल वापरतो आणि काडतुसे भरण्याचे काम नियमितपणे करतो, त्या आधारावर लिहीत आहे.

गोळी झाडली की केस फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या जागेच्या, भिंतीला टेकते. फुल-लेंग्थ (पूर्ण लांबीची) डाय तिला पुन्हा आवळते, आणि त्यात सर्वात जास्त जोर लागतो तो अंगाच्या खालच्या भागाला, म्हणजे कडेच्या किंचित वर, जेथे पितळ जाड असते. केस अडकते ती बहुतेक वेळा याच भागात वंगण कमी पडल्यामुळे. स्प्रे एकाच बाजूने मारला, तर केसची दुसरी बाजू आणि बूड कोरडे राहते, आणि पहिल्याच जोरात पितळ पोलादाला धरते. पोलादाला चिकटलेला तो पितळेचा कण पुढच्या प्रत्येक केसवर रेघ काढत जातो. म्हणून रेघा दिसू लागल्या की आधी डाय उघडून आतून स्वच्छ करावी, वंगण बदलण्याचा विचार त्यानंतर करावा. डाय नवीन असेल तर तिच्यातले गंजरोधक तेलही पुसून काढावे लागते, आणि पहिल्या काही केसना वंगण थोडे सढळ हाताने द्यावे.

खांद्यावरचे पोचे नेमक्या उलट कारणाने पडतात. वंगण दाबले जात नाही. अंगावरचे जास्तीचे वंगण डाय वर ढकलत नेते, ते खांद्यापाशी कोंडले जाते आणि तेथील पातळ पितळ आत दबते. गादीवर केस लोळविली की खांद्यालाही वंगण लागते, आणि गादी ओली-चिंब असेल तर हे हमखास होते. डायला हवा जाण्यासाठी एक बारीक छिद्र असते. ते जुन्या वंगणाने बुजले असेल तर पोचे अधिकच पडतात, तेव्हा पुतण्याला ते छिद्र तारेने मोकळे करून पाहायला सांगा. किरकोळ पोचा पुढच्या वेळी गोळी झाडताना भरून निघतो. मात्र घडीसारखी तीक्ष्ण कड उठली असेल तर ती केस मी टाकून देतो.

निवडीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. थोड्या केस असतील आणि प्रत्येक केस हाताळण्याची तयारी असेल, तर इम्पीरियल सायझिंग डाय वॅक्स किंवा हॉर्नेडी युनिक यांसारखे डबीतले मेण सर्वात भरवशाचे आहे. बोटांच्या टोकांना जेमतेम जाणवेल इतके मेण घ्यावे, केस बोटांत फिरवत बुडापासून वर नेत अंगाला चोळावे, आणि खांद्याजवळ आल्यावर बोटावर उरलेला अंश तेवढाच पुरे मानावा. प्रत्येक केसला नव्याने मेण घ्यावे लागत नाही. लिव्हर नेहमीपेक्षा जड लागला की बोट पुन्हा डबीत बुडवावे. जड लागत असतानाही जोर करून केस आत रेटणे हे अडकण्याचे सर्वात सामान्य कारण आहे. अशा वेळी लिव्हर परत घ्यावा, केस काढावी, मेण लावावे आणि मगच पुन्हा आत न्यावी.

अंगाला वंगण लावण्याइतकेच महत्त्वाचे आहे ते मानेच्या आतले. डायच्या मधल्या दांड्यावर एक गोळा असतो. केस खाली उतरताना तो मानेतून ओढला जातो आणि मान आतून मापात आणतो. मान आतून कोरडी असेल तर हा गोळा किंचाळत बाहेर येतो, मान लांबवतो आणि डायने नुकताच जागेवर बसविलेला खांदाही थोडा पुढे ओढतो. बोल्ट अ‍ॅक्शन रायफलसाठी (जिचा काडतुसामागचा बोल्ट हाताने मागे-पुढे करावा लागतो) आपण खांदा जेमतेम ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर मागे घेतो, म्हणजे इंचाचे एक ते दोन हजारांश. एक केस वंगणाने नीट भिजलेली आणि दुसरी अर्धी कोरडी असेल, तर डाय न हलविताही दोघींची मापे वेगळी येतात. लक्ष्यभेद करणाऱ्या माणसाला वंगणाच्या एकसारखेपणाची काळजी करावी लागते ती यासाठी. मानेच्या आतून मी नायलॉनचा ब्रश कोरड्या ग्रॅफाइटमध्ये बुडवून एकदा फिरवितो. कोरडे वंगण काडतुसातल्या दारूला धरत नाही, हा त्याचा मोठा फायदा आहे.

पुतण्या केस स्टीलच्या बारीक पिनांसह पाण्यात घुसळून धूत असेल, तर मानेकडे अधिक लक्ष द्यावे. त्या धुण्याने आतली काजळी पूर्ण निघते, आणि ती काजळी स्वतःच थोडे वंगणाचे काम करीत असते.

एक गैरसमज येथे नेहमी दिसतो. कार्बाइडची (अतिशय कठीण पदार्थाची) डाय असेल तर वंगण लागत नाही, हे पिस्तुलाच्या सरळ केसपुरतेच खरे आहे. रायफलच्या खांदेवाल्या केसला कार्बाइड डायमध्येही वंगण लावावेच लागते.

उत्तर — म्हापसेकर_निवृत्त

मी वरणगावच्या आयुध निर्माणीत नोकरी करून निवृत्त झालो आणि आता म्हापशाला असतो. वरच्या उत्तरात वापराची बाजू उत्तम आली आहे, त्यामुळे मी केवळ पितळेबद्दल आणि वंगण काढण्याबद्दल लिहितो.

केसचे पितळ म्हणजे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. ते ओढण्यास सोपे असते, परंतु प्रत्येक वेळी आवळताना कठीण होत जाते आणि आत ताण साठवते. प्रश्नकर्ते डायचे काम करतात, त्यामुळे मधल्या टप्प्यावर अ‍ॅनीलिंग (तापवून मऊ करणे) का करतात हे त्यांना सांगण्याची गरज नाही. तोच न्याय येथे मानेला लागू होतो. वारंवार भरलेल्या केसची मान कडक झाली की उत्तम वंगणानेही मापे एकसारखी येत नाहीत.

आता वंगण काढण्याबद्दल. ते काढलेच पाहिजे, आणि त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की गोळी झाडताना केस फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट धरते आणि मागे येणाऱ्या जोराचा एक भाग ती भिंतच पेलते. केस तेलकट असेल तर ही पकड कमी होते आणि तेवढा जास्त भार बोल्टवर पडतो. दुसरे असे की प्रायमरच्या (दारू पेटविणाऱ्या बुडातल्या टोपीच्या) खोबणीत किंवा मानेतून दारूपर्यंत तेल पोहोचले, तर पेट घेण्यात खंड पडू शकतो. नेम चुकण्यापेक्षा ही गोष्ट गंभीर आहे, कारण नीट न पेटलेल्या काडतुसाची गोळी नळीत अडकू शकते आणि ती तशीच असताना पुढची गोळी झाडली तर नळी फुटू शकते.

काढण्याची पद्धत वंगणावर अवलंबून असते. पाण्यात विरघळणारे वंगण कोमट साबणपाण्याने जाते. मेण आणि लॅनोलिन मक्याच्या कणसाच्या भुशात केस फिरवून किंवा अल्कोहोलने भिजविलेल्या कापडाने पुसून काढता येते. मात्र चमक आणण्यासाठी अमोनिया असलेले पॉलिश कधीही वापरू नये. ताण साठलेल्या पितळेला अमोनिया आणि ओलावा मिळाला की ते तडकते. इंग्रजांच्या फौजेने भारतात पावसाळ्यात साठविलेली काडतुसे याच कारणाने फुटत असत, आणि तबेल्यांतल्या घोड्यांच्या मूत्रातला अमोनिया त्यामागे होता. त्याला पावसाळी तडकणे असेच नाव पडले, आणि १९२१ मध्ये त्याचे शास्त्रीय स्पष्टीकरण प्रसिद्ध झाले. आपल्याकडच्या जून-जुलैच्या हवेत पितळेची कोणतीही वस्तू सांभाळणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

वाचकांपैकी कोणी हे भारतात करून पाहण्याचा विचार करीत असेल, तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो आणि बंदूक बाळगण्याचा परवाना त्यासाठी पुरेसा होत नाही. येथील चर्चा परदेशातल्या परवानाधारकाबद्दल आहे, म्हणूनच मी उत्तर देत आहे.

उत्तर — मडगाव_रसायन

लॅनोलिन कसे वापरावे याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडी भर घालतो. मी रसायनशास्त्र शिकवितो, बंदुकीशी माझा संबंध नाही.

लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतले मेण. धातूच्या पृष्ठभागाला घट्ट धरून राहणारे रेणू त्यात असतात, त्यामुळे दोन पृष्ठभाग एकमेकांवर प्रचंड दाबाने घासले जात असतानाही मधला पातळ थर सहजासहजी तुटत नाही. साधे खनिज तेल अशा दाबाखाली बाजूला पळते. गंज सोडविणारे स्प्रे तर मुख्यत्वे द्रावकच असतात, आणि द्रावक उडून गेल्यावर जो थर मागे राहतो तो या कामाला फार क्षीण असतो.

परदेशातले अनेक जण द्रवरूप लॅनोलिनचा १ भाग आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे १० ते १२ भाग मिसळून घरीच स्प्रे तयार करतात. घट्ट लॅनोलिन ४० अंश सेल्सियसच्या आसपास वितळते, त्यामुळे त्याची बाटली गरम पाण्यात ठेवून ते पातळ करावे. अल्कोहोल कधीही आचेजवळ नेऊ नये. केस एका थराने ट्रेमध्ये किंवा पिशवीत ठेवाव्यात, थोडे फवारावे, लोळवाव्यात आणि पुन्हा फवारावे. थोडा अंश मानेत जावा म्हणून तिरक्या कोनातून फवारणे उपयोगी पडते. यानंतर काही मिनिटे थांबणे ही सर्वात महत्त्वाची पायरी आहे, आणि लोक घाई करतात तीही येथेच. अल्कोहोल उडून गेल्याशिवाय लॅनोलिनचा थर तयारच होत नाही, आणि ओल्या केस डायमध्ये घालणे म्हणजे जवळपास कोरड्याच घालणे आहे. आपल्या पुतण्याच्या स्प्रेने अंगावर रेघा दिल्या त्याचे एक कारण हेही असू शकेल. बाटली वापरण्यापूर्वी चांगली हलवावी, कारण लॅनोलिन तळाशी बसते. काम हवेशीर जागी करावे, आणि जवळ ज्योत किंवा ठिणगी नसावी.

खोबरेल तेलाबद्दल: त्यात मुख्यत्वे लॉरिक आम्लाची मेदद्रव्ये असतात आणि ते २४ अंशांच्या आसपास गोठते. न्यूझीलंडच्या थंडीत ते केसवर गोठून गुठळ्या होतील, उन्हाळ्यात पातळ होऊन ओघळेल, आणि जुने झाले की खवट होऊन चिकट थर धरेल. स्वयंपाकघरात त्याला तोड नाही, परंतु ज्या कामात प्रत्येक केसला तोच आणि तेवढाच थर हवा, तेथे मी ते सुचविणार नाही.

प्रश्न — फोंडेकर_टूलरूम

आपणा तिघांचाही मी मनापासून आभारी आहे. पुतण्याला हे सर्व कळविले आहे, आणि तो मेणाने सुरुवात करणार आहे. एक गोष्ट राहिली. अडकलेली ती केस अजून डायमध्येच आहे. डाय फेकून द्यावी लागेल का?

उत्तर — पेडणे_ते_अ‍ॅडलेड

मुळीच नाही, काका. हे काम तर आपल्याच हातचे आहे. सर्वप्रथम त्या केसमध्ये न उडालेला प्रायमर राहिलेला नाही याची खात्री करून घ्यावी. असला तर ड्रिल लावायचे नाही. खात्री झाल्यावर डाय प्रेसमधून काढावी आणि मधला दांडा जितका सैल होऊन वर येईल तितका वर घ्यावा, नाही तर ड्रिलचे टोक त्याला लागेल. केसच्या बुडाला प्रायमरच्या भोकातून सुमारे ५.१ मिलिमीटरचे ड्रिल मारावे आणि पाव इंची, २० आट्यांचा टॅप फिरवावा. नंतर बुडाभोवती मावेल असे एखादे पोकळ नळकांडे डायच्या तोंडावर ठेवून, त्यावर जाड वॉशर आणि त्यातून बोल्ट घालून आवळत जावे. बोल्ट केसला सरळ बाहेर ओढतो. याच कामाचे तयार संचही मिळतात. केस बाहेर आल्यावर डायचे आतले अंग भिंगाखाली पाहावे, पितळेचा चिकटलेला अंश पॉलिशने काढावा, आणि खडबडीत कागद मात्र आत अजिबात घालू नये, कारण त्याने डायचे माप बिघडते. प्रायमरच्या काजळीत शिसे असते, त्यामुळे काम झाल्यावर जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत, हेही त्याला आवर्जून सांगा.